शिल्लक

लिंकनशायरचं धुकं वरून उतरत नाही,
ते शेताच्या चरांमधून वर येतं.
आधी गायींचे पाय जातात, मग गायी,
मग चॅपलचं दार.
त्या रात्री नऊ वाजता मला माझा हात दिसला
तो पीठ लागलं होतं म्हणून.

युद्ध संपून पाच वर्षं झाली होती.
हे मी मुद्दाम सांगते,
कारण पुढे लोक विचारायचे,
कुठल्या मोहिमेवरून परतत होते?
कुठल्याच नाही.
समुद्रावर जाऊन सिमेंटचे बॉम्ब टाकून आले होते.
समुद्राला काही लागलं नव्हतं.

परतणाऱ्याला माणशी एक अंडं, असा कॅन्टीनचा नियम.
रेशनच्या दिवसांत अंडं म्हणजे काय
हे आता कोणाला सांगू?
आमचा एनोक त्याच्या वाटणीचं मुलीला द्यायचा
आणि बशीला लागलेला बलक
पावाने पुसून घ्यायचा, तिची नजर चुकवून.

मी सात काढून ठेवली होती, घडी घातलेल्या टॉवेलवर,
घरंगळू नयेत म्हणून.
पार्गेटरला बलक पातळ लागायचा.
प्रॉसर, शेपटीतला तोफवाला, काहीही चालायचं त्याला.
हालित्स्की अंडं आधी कानाशी धरून हलवायचा.
आई असंच करायची, म्हणे. आवाज आला तर शिळं.
त्याचं घर जिथल्या तिथेच होतं,
देश तेवढा त्याच्याखालून काढून घेतला होता.
नकाशे बघायचं काम त्याच्याकडे.

पहिल्यांदा आवाज छपरावरून गेला
तेव्हा कपाटातल्या बश्या बोलल्या.
बाहेर पोरं धावपट्टीच्या कडेने पळत
रॉकेलचे दिवे लावत होती,
बागेतल्या झारीसारखे दिवे, तोंडाशी ज्योत.
दहा पावलांवरून विझल्यासारखे दिसत.
दुसऱ्यांदाही बश्या बोलल्या.
मी कढई चढवली.

तिसऱ्यांदा आवाज बाजूने गेला.
बश्या गप्प.
मग बीटच्या शेतात
कोणीतरी भलंमोठं दार लावून घेतलं.

शेपूट तुटून वेगळी पडली होती.
प्रॉसर तिच्यात बसून होता, पट्टे बांधलेला,
माझी टोपी कुठे गेली, एवढंच विचारत.
बाकीचे सहा
काढून रचलेल्या बीटच्या ढिगात.

बीटमध्ये साखर असते.
पहाटे सगळ्या गावावर तोच वास.
माझी मुलगी डोळे चोळत खाली आली,
आई, टॉफी करतेयस?

आग विझवून पोरं आली. तोंडं काळी, भुवया जळलेल्या.
अंडं वाया घालवायचं नाही, हाही नियमच होता.
मी सहा जणांना सहा वाढली.
खाली मान घालून खाल्ली त्यांनी.
एकाने आणखी पाव मागितला,
आणि मागितला म्हणून रडायला लागला.

चौकशीला आलेला साहेब मऊ बोलणारा होता.
मिसेस थर्केल, विमान किती वेळा वरून गेलं?
दोनदा, साहेब.
इतर सगळे तीनदा म्हणतात.
वरून दोनदाच, म्हटलं.
त्याने ते लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

माझी वही मात्र मी लिहिली होती त्याच सकाळी:
अंडी, आली सात. खर्च सहा.
पुढच्या रकान्यावर पेन तसंच थांबलं.
इस्पितळातून निरोप होता,
प्रॉसर काही खात नाही.

टॉवेलवर ते एकटं उरलेलं.
मी उचललं, कानाशी धरलं,
हलवलं.

आतून काहीच आवाज आला नाही.
ताजं होतं.