जाळीबाहेरून

जॉर्जियात, गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीनला पाठ टेकून
लेव्हॉन सूर जरासा वितळवतो.
फितीची खरखर. थोडी आणखी.
उन्हाळा हवाय त्याला, जन्माआधीचा,
फिकट निळा, क्लोरीनच्या वासाचा.
कुणाच्या तरी घरगुती कॅसेटमधून उचललेली
पोरांची उडी, छपाक्, हसणं,
पुन्हा उडी.

ओडेसाआत्या ड्रायरमधले टॉवेल काढायला येते,
ऐकत उभी राहते.
"आम्हाला इतकं स्पष्ट नाही यायचं ऐकू," ती म्हणते.
"जाळीबाहेर असायचो ना.
मग आम्हालाही उतरू द्यावं लागणार म्हटल्यावर
सिमेंटच ओतलं तलावात."
टॉवेलची घडी. दोन घड्या.

ती गेल्यावर
तो छपाक् पुसत नाही.
फिल्टर तेवढा खाली ओढत जातो,
हळूहळू,
पाणी जाळीपलीकडे जाईपर्यंत.