तीन रात्री

नाम्पुलाच्या पलीकडच्या वस्तीत
अतीजा कसाव्याची सालं काढते,
पांढरी मुळं माठात बुडवते.
"गोड आहेत?" सालिमो विचारतो.
"कडू. म्हणून तर माकडांनी ठेवली."

पहिल्या रात्री पाण्याला वास नाही.
दुसऱ्या रात्री येतो, आंबूस.
पोरगा माठाभोवती घुटमळतो,
झाकण जरासं सरकवतो,
एक तुकडा बोटांत धरतो.

ती ओरडत नाही.
नुसती शेजारच्या अंगणाकडे बघते.
तिथं अबुदो, सालिमोच्याच वयाचा,
दोन काठ्यांवर गुडघे ओढत
उन्हातून सावलीत येतोय.
नदी आटली त्या वर्षी त्याच्या आईनं
एकेकच रात्र भिजवली होती.

तुकडा परत पाण्यात.
सालिमो झाकण लावतो, वर दगड ठेवतो.
मग जाऊन
आणखी मोठा आणतो.