नेस्साचं तेल

आईनं पाठवलेलं खोबरेल
खिडकीत पांढरंधोप थिजलंय.
मार्सेयचा जानेवारी.
शेजारी नेस्साच्या तेलाची कुपी,
आडवी केली की अजून वाहते,
आळसावून, पण वाहते.

बाबा, परवा फोनवर विचारलंत,
एवढी शिकून त्या माशात शोधतेस तरी काय?

मेण, म्हणाले.
मांसात, कातडीखाली, हाडांच्या भोकाभोकांत मेण.
एक लांब आम्ल, एक लांब अल्कोहोल,
डोक्याला डोकं जोडून बसलेली.
पाण्याहून हलकं. म्हणून एवढं धूड
शेपूट न हलवताही अंधारात बुडत नाही.
आणि साखळीच्या मधोमध एक दुहेरी बंध,
तिथं ती वाकते, कोपरात वाकावी तशी.
वाकड्यांची चळत लागत नाही,
चळत लागली नाही की थिजणं नाही.

तुम्ही हसलात. म्हणजे माझे गुडघे टिकणार!

आपल्या आतड्यांना हे मेण फुटत नाही
हे तर तुम्हाला माझ्याआधी ठाऊक.
एशातीच्या लग्नात
बोइनाली मामाला बजावलं होतंत, एकच तुकडा.
त्यानं तिसरा घेतला
आणि मिरवणुकीत, जरीच्या झग्याला
मागून केशरी तेल.
अख्खं इकोनी वर्षभर पुरवून पुरवून हसलं.

मी इथं काचेच्या पट्टीवर थेंब ठेवते.
द्रावण चढतं, सगळे आपापल्या उंचीला थांबतात.
मेण सगळ्यांत वर.
हेच सांगत होते मी, उत्साहात,
तेव्हा तुम्ही गप्प झालात.
मागे कोंबडी, कुणीतरी जनरेटरची दोरी ओढतंय,
पुन्हा ओढतंय.

मग विचारलंत,
खाली, अगदी तळाशी, किती गार असतं?

दोन अंश, मी म्हणाले. फार तर तीन.
ताबडतोब,
परीक्षेत हात वर करावा तशी.

आणि बोलून गेल्यावर आठवलं.
सोलिही काकाची होडी एकटीच परत आली होती,
तीनशे वाव दोर नीट गुंडाळलेला,
कंदिलात अर्धं रॉकेल.

"डोक्याला खोबरेल लावायचा तो,"
तुम्ही म्हणालात,
"रोज."