उजवीकडचं टिकतं

क्लाक्सविकला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
दोन गावांच्या मच्छीमार सोसायट्या एक झाल्या,
होड्यांच्या याद्या जोडायचं काम माझ्याकडे.

सोपं काम. डावीकडे विदारेयची डिक्शनरी,
उजवीकडे आमची,
मध्ये एक उभी रेघ.
किल्ली म्हणजे होडीचं नाव,
पुढे मालक, धक्का, फोन, सद्यस्थिती.
मशीनने हूं की चूं केलं नाही.

त्यांच्या दोनशे चार, आमच्या तीनशे बारा.
मोजल्या तर पाचशे नऊ.

सात नावं दोन्हीकडे होती.
एका किल्लीखाली दोन मोलं नांदत नाहीत.
उजवीकडून येतं ते डावीकडच्याच्या जागेवर बसतं,
उठ असंही म्हणत नाही.

सहा ठिकाणी नुसते फोन नंबर बदललेले.
सातवी 'तेर्ना'.
आमच्याकडे: विकली, स्कॉटलंड.
त्यांच्याकडे: वाट पाहतोय.

एकतीस वर्षं ती यादी सुन्वोर ठेवते. तिला फोन केला.
"एका नावाच्या दोन होड्या असतील ना?"
"एकच. माझ्या दिराने रंगवलेली. पिवळी."
पलीकडे किटली शिट्टी घालू लागली, तिने ती उतरवली,
मग म्हणाली, "विकली म्हणून लिहिलंय होय?
सासूबाईंना तेच सांगितलं होतं आम्ही.
तुमची यादी त्यांचा भाऊ ठेवायचा.
त्या अधूनमधून चाळायला मागत."

मी बाजू बदलल्या. त्यांची उजवीकडे, आमची डावीकडे.
तेर्ना परत वाट पाहू लागली,
पण सहा माणसांचे जुने नंबर उगवले,
त्यातला एक तर मेलेल्या माणसाचा.

पुन्हा होतं तसं केलं.
मग एका होडीसाठी चार ओळी वेगळ्या लिहिल्या:
नाव हे असेल तर काही पुसू नकोस,
दोन्ही ठेव, शेजारी शेजारी.

एवढ्यासाठी चार ओळी.
कुणी वाचलं तर म्हणेल, हिला काम नाही.

रात्री छापून पाहिलं.
पाचशे आठ ओळींत एकेक शब्द,
आणि मध्येच कुठेतरी
चौकोनी कंसात, स्वल्पविराम देऊन,
विकली, वाट पाहतोय.

सोमवारी पोल विचारेल, हा कंस कसला?
उत्तर अजून सुचलेलं नाही.
त्याचा मामा होता त्या होडीवर,
हे मला सुन्वोरने फोन ठेवता ठेवता सांगितलं.