डाव्या कानातली शीळ

कॉन्सर्ट संपून दोन तास झाले तरी
आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलत होतो,
टॉवेल गुंडाळून, फळीवर घाम गाळत,
जणू अजून मधे ड्रमर बसलाय.

टाम्पेरेतला जानेवारी. बाहेर उणे सतरा.
सौनाच्या वीतभर काचेतून तळं दिसत नव्हतं,
आहे एवढं माहीत होतं.

रायली म्हणाली, हे संगीत नव्हे, दांडगाई.
चार गिटारी, आणि एकीचाही स्वर ओळखू येऊ नये?
सगळे बटाटे एकाच पातेल्यात लगदा करून वाढले.
ती शाळेत गाणं शिकवते. तिच्या पर्समध्ये कायम
कानात घालायचे मेणाचे बोळे,
पोरांना गोळ्या द्याव्यात तशी पुढे करते.
आम्ही कधी घेतले नाहीत.

वेइक्को म्हणाला, मोठा आवाज ऐकायचा नसतोच,
अंगावर घ्यायचा असतो. बरगड्यांना विचार,
कानाला काय विचारतेस?
तिसऱ्या गाण्याला माझ्या दाढेतलं सिमेंट हललं.
पैसे वसूल.

मी आपला मधला. मला सुरुवात आवडली होती,
दिवे जातात, गर्दी गप्प होते
आणि अँप्लिफायर नुसता गुणगुणत असतो, ते.
पुढचं बरंचसं मी
सवयीनं मान हलवून काढलं.

मग नेहमीचं: सध्या काय ऐकतोयस?
वेइक्को त्याच त्या तीन रेकॉर्डी,
विशीत मित्राकडून ढापलेल्या; एकीवर चरा आहे
आणि आता चऱ्याशिवाय ते गाणं त्याला अळणी लागतं.
मी, मुलीनं फोनवर भरून दिलेलं काहीतरी,
नावं इतकी बारीक की चष्मा शोधेपर्यंत गाणं संपतं.
रायलीला वडिलांची कॅसेट सापडलीय:
अकॉर्डियन, आणि मधेच आई विचारते,
मासे साफ केले का.
तेवढंच ती मागे नेऊन नेऊन ऐकते.

इल्पो वरच्या फळीवर, कोपऱ्यात.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत.
म्हणाला, मला तर आवाज कमीच वाटला.
आम्ही हसलो. स्पीकरला टेकून उभा होतास, गाढवा!
तो हसला नाही.
हल्ली मी काहीच ऐकत नाही, म्हणाला.
एक शीळ आहे. डाव्या कानात. मे महिन्यापासून.
दिवा मालवला की सुरू होते.
स्पीकरपाशी गेलो की बुडते.
तेवढं एकच ठिकाण सापडलंय मला
शांत बसायला.

चुलीत एक लाकूड खाली घसरलं.

रायली सरकली त्याच्या शेजारी.
कुठला सूर?
त्याला काय कळणार. त्यानं खांदे उडवले.
तेव्हा तिनं ओठ ओले केले आणि शीळ घातली,
खालून, पायरी पायरीनं,
अंधाऱ्या जिन्यावर पडलेली किल्ली
हातानं चाचपत जावं तशी.
ही? नाही. ही? वर. अजून.
वेइक्को, जो पोहतानाही बोलतो, तो गप्प.
वरच्या षड्जाच्या जरा अलीकडे,
निषाद चढवून धरला तर जिथे पोचतो तिथे,
इल्पोनं तिचं मनगट पकडलं.
हीच.

दम पुरेपर्यंत तिनं ती धरून ठेवली.
आठ महिन्यांत पहिल्यांदा ती त्याच्या कानाबाहेर होती,
आम्हा चौघांच्या मधे.
बारीक, किंचित चिरकी.
वाईट नाही, वेइक्को म्हणाला. पण एकसुरी.

मग इल्पोनंच पळी उचलली
आणि तापल्या दगडांवर पाणी टाकलं.
फुस्स. त्या आवाजात
त्यानं मान जरा तिरकी केली.
आत्ता नाही, म्हणाला.

रायलीनं आणखी एक पळी ओतली. आणखी एक.
कानाच्या पाळ्या भाजायला लागल्या, कुणी खाली उतरेना.
पळी बादलीचा तळ खरवडायला लागली तेव्हा
वेइक्को उठला, बादली घेतली,
आणि अनवाणीच निघाला बर्फातून
तळ्याला पाडलेल्या भोकाकडे,
शिव्या देत,
त्याला वाटत होतं तेवढ्या हळू नाही.