पळण्याचं अंतर

काम सोपं होतं.
सरडा दिसला की थांबायचं,
मग एकाच चालीनं, न वाकता, न थबकता
सरळ त्याच्याकडे चालत जायचं.
तो पळाला की पायाशी खडा टाकायचा
आणि टेपनं मोजायचं,
कितव्या हातावर त्याला माणूस नकोसा झाला.

रेवाताई त्याला पळण्याचं अंतर म्हणायची.
माझ्या वहीत नुसतं प. अं.,
खाली घामानं फुगलेले आकडे.

एप्रिलात चाळकेवाडीचा सडा म्हणजे
जांभ्याचा तापलेला तवा.
त्या तव्यावर मूठभर दगड शोधून
नर चढून बसतो
आणि गळ्याखालचा पंखा उघडतो:
निळा, काळा, शेंदरी.
मिटला.
पुन्हा उघडला.
इतकी घट्ट निळाई मी आधी
साताऱ्यात मोरचूद विकणाऱ्याच्या पोत्यात पाहिलेली.

हे चक्क्यांपासून लांबचं.
तिकडे मी दहा पावलांवर असतानाच
तो सुळकन भेगेत.

चक्क्यांखाली मात्र मी गेलो,
अजून गेलो,
माझी सावली त्याच्या पाठीवर चढली
तरी बसून.
तीन पावलं. एकदा तर दीडच.
मला वाटलं, ओळख पटली.
रेवाताई म्हणाली, "वर बघ."

वर पाती फिरत होती,
दर फेऱ्याला लांबलचक सावली
सड्यावरून केरसुणीसारखी जात होती.
घार नाही. शिकरा नाही.
आभाळ झाडून ठेवलेलं.

मग काठीला रिळाचा फास,
फासात सरडा, पिशवीत सरडा,
पिशवी हातकाट्याला.
इथला हलका भरला. पुढचाही.
एकाच वारुळावर चौघे टपलेले मी मोजले.
पंखा बोटानं हळूच ताणून
रंगांच्या पट्टीशेजारी धरला तर
निळा होता, पण
चार पाण्यांतून काढलेल्या शर्टाचा.

दुपारी कंपनीच्या केबिनच्या सावलीला
बिरूमामा येडग्यानं पाणी दिलं.
याच सड्यावर त्याची मेंढरं होती,
आता गळ्यात शिट्टी आहे, ओळखपत्र आहे.
"कोकरू नवं असलं की
माझी एक नजर खाली, एक वर असायची," तो म्हणाला.
"मान दुखायची रं रातच्याला.
आता न्हाई दुखत."
जरा थांबून विचारलं,
"मंग त्येंचं बरं झालं का वाईट?"

"वेगळं झालं," रेवाताई म्हणाली.
मामानं तांब्या पालथा घातला.
"ह्ये काय उत्तर झालं?"

शेवटच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी
आमच्या बाजूच्या सहा चक्क्या बंद ठेवल्या.
घरघर थांबली तेव्हा कळलं
ती इतके दिवस कानात होती.
तिसऱ्या सकाळी ठोसेघरच्या अंगानं
एक सर्पगरुड आला,
दरीच्या काठावर वाऱ्यात टांगल्यासारखा थांबला.

मी खाली पाहिलं.
दगडादगडावर पंखे उघडत होते, मिटत होते,
निळे, फिके, एकमेकांना दाखवायचे.
एकच, शेपटी तुटलेला, थोराड,
मान कलती करून
एक डोळा वर लावून होता.
मग तो दगडाला चिकटला,
इतका, की दगडच झाला.

मी त्याच्याकडे चाललो नव्हतो.
वहीत अशा अंतराला रकाना नव्हता.
रेवाताई लांब, पाठमोरी, काटा पुसत होती;
हाक मारली असती तर गरुड गेला असता.

केबिनच्या दारात बिरूमामा उभा होता,
एक हात मानेमागे.

माझ्या मुठीतला खडा
टाकायचा राहिला.