तेराशे दहा

लक्ष्मीपुरीतल्या बँकेच्या वरच्या मजल्यावर
रात्री साडेनऊला मी फरशीवर मांडी घालून बसलो.
नवा सर्व्हर, नवा स्विच,
मधे तीन मीटर फायबर,
मोरपंखी, साडीच्या काठातून उसवून काढल्यासारखी.
दोन्हीकडचे दिवे काळेठिक्कर.

केबल काढली, टोकं पुसली, लावली.
दुसरी आणली. पोर्ट बदलला.
बोलायची तार ऐकायच्या जागी,
ऐकायची बोलायच्या, तेही करून बघितलं.
सर्व्हर बंद करून पुन्हा उठवला,
त्याला उठायलाच पाव तास.
दस्तगीरमामा जिन्यावरून म्हणाले,
"आमच्या पंपाचं असंच हाय. एक लाथ घालून बघ."

पुण्याहून फोनवर आल्हाद:
"प्रकाश येतोय का, बघतेस?"
"बघतो."
"बघते."
"बघतो म्हटलं की! आमच्याकडं बायका बघतोच म्हणतात.
आई येतो म्हणून निघती,
बहीण मी बोलत नाही जा, जातो, म्हणून दार आपटती."
तिकडं जरा वेळ काहीच नाही.

फायबरच्या टोकात डोळा घालायचा नसतो.
मोबाइलचा कॅमेरा धरला.
सर्व्हरकडून एक जांभळट ठिपका,
मोहरीएवढा.
स्विचकडून अंधार.
"मेलाय ह्यो," मी म्हटलं.
"नाही गं. स्विच सांगतोय, पुरेपूर पाठवतोय."

मग दोन्ही मॉड्यूल ओढून तळहातावर घेतली.
एकाची कडी काळी, एकाची निळी.
दोन तास समोर होती.
चष्मा कपाळावरून खाली घेतला:
एकावर आठशे पन्नास,
दुसऱ्यावर तेराशे दहा.
एकाच दुकानातली, एकाच बिलावरची,
बिलाखाली माल तपासून घेतल्याची सही,
माझीच.

म्हणजे दोघंही बोलत होते एकसारखे.
एकाचा प्रकाश गल्लीपुरता,
दुसऱ्याचा शिरोलीच्या पुलापलीकडं जाईल असा,
आणि दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवलेलं.
तेराशे दहा माझ्या मोबाइलला दिसत नव्हता, एवढंच.
मेलाय म्हटल्याचं वाईट वाटलं.
मॉड्यूलचं कोण वाईट वाटून घेतं?
पण वाटलं.

जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यामागं, रद्द झालेल्या स्विचच्या पोटात
काळ्या कडीचं एक सापडलं.
धूळ फुंकायला ओठ पुढं केले, आवरलं,
रीतसर पुसलं.
टिच्च.
दिवा नारिंगी. मग हिरवा. मग हिरवा लवलवायला लागला.
"आला! बघितलास?"
"बघितला."
ह्या वेळी त्यानं दुरुस्त केलं नाही.
मामा मात्र मीच सांगितलंवतं म्हणत खाली गेले,
खरं म्हणजे लाथ कुणीच घातली नव्हती.

निळ्या कडीच्या मॉड्यूलला रबराची टोपी घातली,
ओढणीच्या टोकात गाठ मारून ठेवलं.
खाली भडंगवाल्याची गाडी आवरत होती.
बावड्याच्या शाखेची लांबची लाइन पंधरवडा झाला पडलीय.
उद्या घेऊन जातो,
बघतो.